सुईवर राहिलेली कामं

ताई,
मी ५६ वर्षांची, नाशिकला राहते. विणकामाची आवड शाळेपासूनची. पण सध्या कपाटात पाच कामं अर्धवट पडली आहेत. यांच्या बिनबाह्यांच्या स्वेटरची गळ्याची पट्टी राहिलीय. नातीच्या स्वेटरची एकच बाही झालीय. जाळीच्या विणीचा स्टोल आहे, एक मोजा आहे आणि आईसाठी घातलेली शाल आहे. आई मागच्या वर्षी गेली. तरी परवा दुकानात हळदी रंगाची लोकर दिसली आणि रात्रीच टाके घातले. पाहुण्यांसमोर हे म्हणाले, "आमची ही आरंभशूर." फार लागलं. लोकर घेणं बंदच करू का?
– एक वाचक

सप्रेम नमस्कार.

लोकर घेणं बंद करू नका. आणि ते बोलणं लागलं, हे यजमानांना एकांतात सरळ सांगा. चारचौघांत बायकोच्या हौसेवर शेरा मारणं बरं नव्हे.

आईची शाल आधी या यादीतून काढा. जिच्यासाठी विणत होता तीच गेली, तर हात कसा चालावा? याला धरसोड म्हणत नाहीत. फक्त ती सुईवर ठेवू नका. महिनोन् महिने सुई तशीच राहिली की टाके ताणतात आणि त्या ओळीवर वळ उमटतो. वेगळ्या रंगाच्या सुती दोऱ्यात टाके ओवून घ्या आणि शाल घट्ट बंद होणाऱ्या पिशवीत ठेवा, कारण खऱ्या लोकरीला कसर लागते. पुढे कधी वाटलं तर पुरी करा, किंवा आहे तेवढ्यावर टाके बंद करून स्वतः पांघरा. उसवायची घाई मात्र नको.

आता बाकीची कामं बघा. नुसतं सुलट-उलट विणायचं होतं तिथे तुमचा हात कुठेच अडलेला नाही. अडलाय तो नेमका परीक्षेच्या जागी: गळा नीट बसेल का, दुसरी बाही पहिलीसारखी होईल का, जाळी चुकली तर काय. नव्या लोकरीत ही धास्ती अजून खूप लांब असते, म्हणून ती इतकी ओढते. तेव्हा स्वतःला आळशी समजू नका. धास्तीवर इलाज आहेत.

स्टोलला दर नक्षी पुरी झाली की त्या ओळीच्या सगळ्या टाक्यांतून एक पातळ गुळगुळीत दोरा ओवून ठेवा. पुढे चुकलं तर उसवणं त्या दोऱ्यापाशी थांबतं, अख्खा स्टोल हातचा जात नाही.

नातीचा स्वेटर आधी तिच्या हल्लीच्या कपड्यावर ठेवून बघा. पहिल्या वर्षात मूल साधारण २५ सेंटीमीटर वाढतं. बाही पुरी करून अंगच आखूड निघालं तर काय उपयोग? आखूड असेल तर खुशाल उसवा, लोकरीची लड करून धुवा, वळ्या जातात. बसत असेल, तर झालेल्या बाहीच्या ओळी मोजून दुसरी तेवढ्याच ओळींची करा. मध्ये बराच काळ गेला की हाताचा ताण बदलतो, म्हणून पुढच्या वेळी दोन्ही बाह्या एकाच लांब सुईवर, लोकरीच्या दोन गुंड्यांनी बरोबरच विणा. मोज्यांचंही तेच.

हळदी रंगाचे टाके राहू द्यात, पण लेबल जपून ठेवा. त्यावरचा लॉट नंबर, म्हणजे लोकर रंगवल्याच्या खेपेचा नंबर, वेगळा आला तर एकाच रंगात फरक दिसतो. सुईचा नंबरही त्यावरच लिहून ठेवा. एरवी सुया दुसऱ्या कामाला जातात आणि मग कुठला नंबर होता ते आठवत नाही, हेही काम रखडायचं मोठं कारण असतं.

पण त्याआधी यजमानांच्या स्वेटरचा गळा. रागावला असाल, तरीही तोच, कारण सगळ्यात कमी तिथेच उरलंय. गळ्याच्या उभ्या कडेला चार ओळींमागे तीन टाके उचला. चारही उचलले तर पट्टीला झालर पडते, दोनच उचलले तर गळा आक्रसतो. लोकर गडद असेल तर दिवसाउजेडी बसा, दिव्याखाली टाके दिसत नाहीत. पट्टी दोन-अडीच सेंटीमीटर पुरे. शेवटचे टाके एका नंबरनं जाड सुईनं, सैल हातानं बंद करा, नाहीतर गळ्यातून डोकं जायचं नाही.

तुमची,
ताई