दोन डोमेन, एक साइट

साइटसाठी डॉट कॉम आणि डॉट इन अशी दोन्ही डोमेन (वेबपत्त्याची नावं) घेतलीस, छान केलंस. आता त्यातलं एक मुख्य ठरव आणि दुसऱ्यावरून ३०१ रीडायरेक्ट लाव, म्हणजे तिथे येणारा आपोआप मुख्य पत्त्यावर जाईल, आणि हा बदल कायमचा समजला जाईल. ३०२ नको, ते तात्पुरतं असतं. दोन्हीकडे तीच साइट उघडी ठेवलीस तर खरा पत्ता कुठला हे गूगल स्वतःच ठरवतं.

आणि हो, एसएसएल सर्टिफिकेट, म्हणजे साइटशी जोडणी सुरक्षित असल्याचा दाखला, दुसऱ्या नावालाही हवंच. ब्राउझर आधी सर्टिफिकेट तपासतो, रीडायरेक्ट नंतर. एका दुकानदाराच्या साइटवर माझ्याकडून हेच राहिलं होतं. पाटीवर डॉट इन छापलेलं, आणि गिऱ्हाइकाच्या मोबाइलवर ‘असुरक्षित’चा इशारा! फार वाईट वाटलं.

झाल्यावर दुसऱ्या नावाने आतल्या एखाद्या पानाचा पत्ता टाकून बघ. मुख्यपानावर नाही, त्याच पानावर पोचायला हवं.