विहिरीच्या पाण्यातला कॉलराचा जंतू औषधांना दाद देत नाही, म्हणजे तो जास्त घातक आहे का?

नाही. तुम्ही दिलेल्या विहिरीच्या पाण्याच्या लॅब अहवालात ‘व्हिब्रिओ कॉलरी, नॉन-ओ1/नॉन-ओ139, को-ट्रायमॉक्सॅझोल आणि नॅलिडिक्सिक ॲसिडला रेझिस्टंट’ एवढंच आहे. म्हणजे जंतू कॉलऱ्याच्याच जातीचा, पण साथी आणणाऱ्या ओ1 आणि ओ139 या प्रकारांतला नाही, आणि को-ट्रायमॉक्सॅझोल (सल्फा आणि ट्रायमेथोप्रिम यांचं मिश्रण) व नॅलिडिक्सिक ॲसिड (सिप्रोच्या जातकुळीतलं जुनं औषध) यांना तो दाद देत नाही. औषधांना दाद न देणं आणि रोग करण्याची ताकद, या दोन गोष्टी या जंतूकडे वेगवेगळ्या वाटांनी येतात.

आधी रोगाचं. कॉलऱ्याचं विष बनवणारं सीटीएक्स-ए हे जनुक जंतूचं स्वतःचं नसतं, सीटीएक्स-फाय नावाचा फेज (जीवाणूंना लागणारा विषाणू) ते आणतो. त्याला आत शिरायला जंतूच्या अंगावर टीसीपी हे तंतू लागतात, आणि आतड्यात वस्ती करायलाही तेच तंतू लागतात. म्हणून लॅबला सीटीएक्स-ए आणि टीसीपी-ए (त्या तंतूंचं जनुक) या दोन्हींची पीसीआर, म्हणजे जनुक शोधणारी चाचणी, करायला सांगा. दोन्ही निगेटिव्ह असतील तर कॉलऱ्याच्या मोठ्या साथीची भीती फारशी नाही. नॉन-ओ1 अगदी निरुपद्रवी असतात असंही नाही: जुलाब होतात, आणि लिव्हरचा जुना आजार असलेल्यांच्या रक्तात ते उतरू शकतात.

प्रतिरोधाची वाट निराळी. 1992 साली तेव्हाच्या मद्रासमध्ये ओ139 ची साथ आली, त्या जंतूत एसएक्सटी नावाचा जनुकांचा फिरता संच सापडला. सल्फा, ट्रायमेथोप्रिम, स्ट्रेप्टोमायसिन आणि क्लोरॅम्फेनिकॉल, चारही औषधं त्याच्यापुढे निकामी. जंतू एकमेकांना चिकटले की हा संच सरकतो. सिप्रोफ्लॉक्सासिन डीएनएला इजा करतं, त्या धक्क्याने हे सरकणं आणखी वाढतं. साध्या जुलाबाला सिप्रो घेण्याची आपली सवय इथे नडते. तुमच्या अहवालातला नॅलिडिक्सिकचा प्रतिरोध मात्र बहुधा या संचातला नाही. तो सहसा जंतूच्या स्वतःच्या जायर-ए जनुकात बदल होऊन येतो.

आता अहवाल कुठे चुकू शकतो ते. नमुना बर्फात नेला असेल तर व्हिब्रिओ गारठतो आणि उगवत नाही. अल्कलाइन पेप्टोन वॉटर या पोषक द्रवात 6 ते 8 तास वाढवून वरच्या पापुद्र्यातून टीसीबीएसवर (व्हिब्रिओ वेगळा काढायच्या खास अगारवर) लावतात. तिथल्या पिवळ्या वसाहती एरोमोनास या दुसऱ्या जंतूच्याही असू शकतात. जंतू ओळखायची ऑक्सिडेज टेस्ट थेट टीसीबीएसवरून केली तर निकाल फसवतो. आधी साध्या न्यूट्रिएंट अगारवर घ्यायला हवं. ओ129 या जंतू रोखणाऱ्या द्रव्याची चकती लावून ‘व्हिब्रिओ आहे की नाही’ ठरवणारी जुनी पद्धत तर प्रतिरोधानेच मोडली आहे: हे द्रव्य ट्रायमेथोप्रिमच्या जातकुळीतलं, त्यामुळे एसएक्सटी असलेला व्हिब्रिओ त्यालाही दाद देत नाही आणि चुकून बाद होतो.

विहिरीसाठी प्रतिजैविकांच्या यादीचा काहीच उपयोग नाही. क्लोरीन पेशी जाळतं, त्याला एसएक्सटी अडवत नाही. पाणी बऱ्यापैकी नितळ असेल तर 1000 लिटरला 2.5 ग्रॅम चांगली टीसीएल (ब्लीचिंग) पावडर पुरते. बादलीत कालवून चुना खाली बसू द्या, वरचं पाणी विहिरीत सोडा, एक तास थांबा, मग ओटी टेस्ट (पाण्यात क्लोरीन किती उरलं ते दाखवणारी चाचणी) करा. साथीच्या काळात 0.5 मिलिग्रॅम प्रतिलिटर क्लोरीन उरलेलं दिसायला हवं. उरत नसेल तर पहिला संशय पावडरीवर घ्या, उघड्या पोत्यातली टीसीएल महिनाभरात दम सोडते. विहिरीचं पाणी टाकीत साठवत असाल तर टाकीच्या भिंतीवरचा बुळबुळीत थर घासून काढा. त्या थरात दडलेला जंतू क्लोरीनला पुरून उरतो.

कुणाला तांदळाच्या पेजेसारखे जुलाब झाले तर अहवाल शोधत बसू नका. लगेच ओआरएस सुरू करा आणि दवाखाना गाठा. जीव पाण्याने आणि क्षारांनी वाचतो, प्रतिजैविकाने फक्त जुलाबाचे दिवस कमी होतात. मोठ्यांना डॉक्टर सहसा डॉक्सीसायक्लिन 300 मिलिग्रॅम एकदाच देतात. ते चालेल का, हे रुग्णाच्या शौचातून वाढवलेल्या जंतूवरून ठरतं, विहिरीतल्या जंतूवरून नाही.