प्रिन्स जॉर्जला पहिलं रोप लावण्याआधी

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

दापोलीत वनशास्त्र शिकलीस आणि आता मे महिन्यात कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांताच्या मध्यावर, प्रिन्स जॉर्जच्या रानात लागवडीची देखरेख करायला निघालीस. सागाचा खड्डा, पहिला पाऊस, वाफसा हे सगळं तुझ्या हाताला ठाऊक आहे. तिथे खड्डा खणत नाहीत आणि पावसाची वाटही पाहत नाहीत. बर्फ वितळून जमिनीत मुरलेल्या ओलीवर रोप लागतं. हा फरक आठवड्याभरात अंगवळणी पडेल. वेळ लागेल तो दुसऱ्या गोष्टीला. तिथलं झाड तोडणीला यायला ७०-८० वर्षं लागतात. म्हणजे तू लावलेल्या रोपाला हे शतक संपेपर्यंतची हवा सोसायची आहे, आणि त्याच रोपाला येत्या जूनमधली एखादी गोठवणारी रात्रही काढायची आहे. तुझं सगळं काम या पेचातच आहे.

हवा बदलली म्हणजे नेमकं काय होतं, ते त्या रानाने आधीच भोगलंय. पाइनच्या सालीखाली राहणारा भुंगेरा तिथला जुनाच. हिवाळ्यात त्याच्या अळ्या अंगात ग्लिसरॉल साठवतात, म्हणून त्यांना मारायला उणे ४० अंशांच्या आसपासची थंडी सलग काही दिवस लागते. तशी थंडी पडेनाशी झाली. त्यातच अनेक दशकं वणवे विझवत राहिल्यामुळे एकाच वयाचे जाड पाइन मैलोन्‌मैल उभे होते, आणि भुंगेऱ्याला जाड सालीचं झाडच हवं असतं. १९९०च्या दशकात सुरू झालेल्या या साथीने सुमारे १.८ कोटी हेक्टर रान ग्रासलं आणि प्रांतातलं विक्रीयोग्य पाइनचं निम्म्याहून जास्त लाकूड वाळलं. थंडी हटली हे अर्धंच कारण आहे. एकाच वयाचं, एकाच जातीचं रान हे उरलेलं अर्धं, आणि तेवढंच तुझ्या हातात आहे.

आता बियाण्याकडे ये, कारण तिथे झालेली चूक पुढे दुरुस्त होत नाही. बी जिथलं तिथेच लावावं, असा जुना नियम होता. लॉजपोल या तिथल्या पाइनसाठी तो तपासायला इलिंगवर्थ या वनशास्त्रज्ञाने १९७४मध्ये १४० ठिकाणचं बी ६० जागांवर लावून मोठा प्रयोग उभा केला. प्रत्येक बियाण्याचा आपला एक हवामानपट्टा असतो, आणि त्याबाहेर गेलं की वाढ आणि जगण्याचं प्रमाण दोन्ही घसरतात, हे त्या झाडांनी मापून दाखवलं. मग २००९पासून युकॉनपासून कॅलिफोर्नियापर्यंत ४८ जागांवर १५ जातींची चाचणी लागली. या आधारावर प्रांताने २०१८मध्ये हवामानानुसार बी निवडण्याची पद्धत आणली. पट्टे मूळ क्रायिना या वनस्पतिशास्त्रज्ञाने आखलेल्या वनस्पती-हवामान वर्गीकरणातले, पण कुठल्या पट्ट्याचं बी कुठे चालेल हे आता बदलत्या तापमानावरून ठरतं. सोप्या भाषेत सांगायचं तर बी थोडं दक्षिणेकडून किंवा थोडं खालच्या उंचीवरून आणायचं.

‘थोडं’ या शब्दावर जोर आहे. वसंतात कोंब फुटणं उबेवर ठरतं. थंडीचा कोटा पुरा झाला की पुरेशी ऊब साठताच कळी उघडते. शरदात वाढ थांबवून कळी बांधणं मात्र रात्रीच्या लांबीवर ठरतं. दक्षिणेकडच्या बियाण्याला थांबायला जास्त लांब रात्र लागते. ते उत्तरेत आणलं की ऑगस्ट सरला तरी वाढतच राहतं, आणि सप्टेंबरच्या पहिल्या कडाक्यात कोवळा शेंडा काळा पडतो. असं तीन वर्षं सलग झालं की रोप झुडूप होऊन बसतं. म्हणून कुणी उत्साहाने शतकअखेरीच्या हवेचं बी आजच लावू म्हणालं, तर ठाम नकार दे. त्या हवेचं झाड आजच्या थंडीत उभंच राहणार नाही.

एका तुकड्यावर एकच लॉट, म्हणजे एकाच ठिकाणाहून गोळा केलेलं बी, लावू नये असं माझं मत आहे. दोन-तीन लॉट घे. जास्त उबदार मुलखातला लॉट उताराच्या मध्यावर लाव. थंड हवा रात्री पाण्यासारखी खाली वाहून खोलगटात साचते, तिथे स्थानिक बियाण्याचा पाइन किंवा स्प्रूस हे दुसरं सूचिपर्णी झाड दे. डग्लस फर, तोही सूचिपर्णीच, दुष्काळात उपयोगी पडेल म्हणून हवासा वाटेल, पण तो खोलगटात लावलास तर जूनमध्येच हातचा जाईल. जातीही मिसळ. वायव्य ब्रिटिश कोलंबियात उन्हाळी पाऊस वाढला आणि नुसत्या पाइनच्या तरण्या लागवडीत डोथिस्ट्रोमा बुरशीने सुया लाल करून झाडंच्या झाडं मारली. ही बुरशी पावसाच्या शिंतोड्यांतून पसरते. मध्ये दुसऱ्या जातीचं झाड असतं तर वाटेत अडसर तरी आला असता.

रोपवाटिकेत तुला फारसं काम नाही, पण वेळापत्रक डोक्यात असू दे. लॉजपोलचं बी २४ तास भिजवून सुमारे चार आठवडे गोठणबिंदूच्या जरा वर ओलं ठेवतात, मग पेरतात. शरदाअखेर रोपं काढून उणे २ अंशांत गोठवलेली ठेवतात आणि मेमध्ये खोक्यांतून तुझ्याकडे येतात. म्हणजे पुढच्या वर्षीची मागणी यंदाच नोंदवायची. उशीर झाला की उरलेसुरले लॉट पदरात पडतात, आणि मग वरची सगळी निवड कागदावरच राहते.

खोकी आली की गोठलेल्या जुड्या आपटून सुट्या करू नकोस, मुळं तुटतात. सावलीत, ५ ते १० अंशांत, काही दिवस हळूहळू वितळू दे. मग एक रोप हातात घे. मुळांभोवतीच्या मातीचा गोळा, म्हणजे प्लग, साधारण ४ सेंटिमीटर रुंद आणि १० सेंटिमीटर खोल असतो. हलकेच दाबला तर फुटता कामा नये. वास ओल्या मातीचा यायला हवा. आंबूस वास आला किंवा सुयांवर राखाडी जाळं दिसलं, तर बुरशी शिरली आहे. शेंड्याची कळी नखाने उभी चीर: आत हिरवी तर जिवंत, तपकिरी तर गेली. प्रत्येक लॉटमधल्या दहा-पंधरा रोपांवर एवढं कर. रानात खोकी चंदेरी ताडपत्रीखालीच राहू देत. उघड्या उन्हात खोक्यातलं तापमान पाहता पाहता चढतं, आणि मेलेलं रोप दोन-तीन आठवडे हिरवंच दिसतं, त्यामुळे दोष कुणाचा हे नंतर कळत नाही.

लावताना माती ५ अंशांपेक्षा थंड असेल तर मूळ हलत नाही. मातीत खुपसायचा थर्मामीटर खिशात ठेव. प्लगचा माथा खनिज मातीखाली, म्हणजे पालापाचोळ्याच्या थराखालच्या खऱ्या मातीत, एक-दोन सेंटिमीटर गेला पाहिजे. उघडा राहिला तर तो वातीसारखा ओल वर खेचतो आणि रोप जुलैत वाळतं. फावड्याची चीर उथळ पडली की मूळ इंग्रजी ‘जे’सारखं वळतं, असं झाड पहिली काही वर्षं बरं दिसतं आणि पुढे बर्फाच्या भाराने कलंडतं. टाचेने माती दाबली की वरच्या सुया चिमटीत धरून हलका हिसका दे. रोप सरकलं तर आत हवा राहिली आहे. कुजलेल्या लाल लाकडात लावू देऊ नकोस, ते मेमध्ये ओलं आणि जुलैत कोरडंठाक असतं. कोरड्या उतारावर बुंध्याच्या किंवा ओंडक्याच्या उत्तर बाजूला लाव, दुपारची सावली तिथे पडते. पाणथळ, थंड जमिनीवर यंत्राने २०-३० सेंटिमीटरचे उंचवटे करून घेतात. ते एक हिवाळा बसू दे. ताज्या उंचवट्यात पोकळी असते.

मोजणीला ३.९९ मीटरची दोरी लागते. एक खुंटी ठोकून दोरी फिरवलीस की वर्तुळ ५० चौरस मीटरचं होतं. आतली रोपं मोजून २०० ने गुण, की हेक्टरी संख्या मिळते. ७ आली तर १,४००, म्हणजे साधारण २.७ मीटर अंतर. त्या भागात बहुधा १,२०० ते १,६०० धरतात. पण संख्येपुरती मोजणी करू नकोस. प्रत्येक वर्तुळातलं एक रोप उकरून मूळ पाहा. लावणारे दिवसाला हजारो रोपं लावतात आणि त्यांना रोपागणिक पैसे मिळतात. चूक दिसली तर त्याच सकाळी, शांतपणे, उकरलेलं रोप हातात धरून दाखव. संध्याकाळी अहवालात लिहून काही साधत नाही.

वणव्यानंतरच्या जमिनीचं वेगळं सांगायला हवं, कारण यापुढे तुझं बरंच काम तिथेच असेल. या एका प्रांतात २०१७ला सुमारे १२ लाख हेक्टर जळालं, पुढच्या वर्षी त्याहून जास्त, आणि २०२३ला २८ लाखांवर. जळालं की लगेच लागवड, ही घाई टाळ. लॉजपोलचे अनेक शंकू राळेने बंद असतात आणि आगीच्या आचेनेच उघडतात, त्यामुळे पुढच्या उन्हाळ्यात हजारोंनी रोपं आपोआप उगवू शकतात. वर पाहा. काळ्या फांद्यांवर उघडलेले शंकू शाबूत असतील तर एक पूर्ण हंगाम थांब आणि मोज. शंकूच जळून गेले असतील, किंवा मागच्या आगीनंतर वीस वर्षांच्या आत पुन्हा आग आली असेल, तर झाडांवर पुरेसं बी नसतंच. तिथे लागवड हवी. स्प्रूसचं बहुतेक बी जिवंत झाडापासून शंभर मीटरच्या आत पडतं, तेव्हा नकाशावर हिरव्या बेटांभोवती तेवढी कड आखून त्यापलीकडे खोकी ने. मातीची परीक्षाही सोपी आहे. राख बाजूला कर, दोन-तीन सेंटिमीटर खाली पाण्याचा थेंब टाक. पाच सेकंदांहून जास्त वेळ मण्यासारखा टिकला तर आगीने मेणचट थर बनवला आहे. रोपाचा प्लग त्या थराच्या खाली पोचायला हवा. आणि जपून चाल. जळालेली मुळं आत पोकळ होतात, पाय गुडघ्यापर्यंत जातो, आणि उभं वाळकं झाड वारा नसतानाही पडतं.

ॲस्पेन या रुंद पानांच्या झाडाबद्दल तिथल्या जुन्या माणसांशी तुझं जमेलच असं नाही. सूचिपर्णी झाडाची वाट अडवणारं तण म्हणून त्यावर वर्षानुवर्षं ग्लायफोसेट हे तणनाशक मारलं गेलं. पण त्याच्या पानांत पाणी जास्त आणि राळ नाही. भर उन्हाळ्यात शेंड्याशेंड्यांवरून धावणारी आग अशा रानात खाली उतरते आणि मंदावते. पालवी फुटण्याआधी, वाळलं गवत असताना, तेही पेटतं. त्याला आग अडवणारी जाळरेषा समजू नकोस. तरी वस्तीकडच्या बाजूला ॲस्पेनचे फुटवे पट्ट्याने राखून ठेव, आणि त्यासाठी नियमात सूट मागावी लागली तर लेखी माग.

प्रिन्स जॉर्ज ज्या भूमीवर वसलंय ती लेडली टेने या तिथल्या मूळ रहिवाशांची. रान कधी आणि कुठे जाळायचं, हकलबेरी या रानफळाची जाळी कुठे राखायची, मूस हे मोठं हरीण कुठून जातं, हे त्यांना पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. आराखडा कच्चा असतानाच त्यांच्याकडे जा. पक्का झाल्यावर गेलीस तर ते फक्त सही मागणं होतं.

शेवटी खोक्यावरच्या लेबलाचं. त्यावर बियाण्याचा लॉट क्रमांक असतो. खोकी रिकामी झाली की ती चपटी करून ट्रकमध्ये टाकतात आणि लेबलंही जातात. ती आधी काढून घे. कुठला लॉट उताराच्या कुठल्या भागात गेला ते त्याच दिवशी नकाशावर लिही, आणि काही वर्तुळांच्या मध्यावर लोखंडी खुंटी कायमची ठोकून ठेव. २०६०मध्ये तिथे उभं राहणाऱ्या माणसाला कुठलं बी टिकलं हे कळायचं तर या नोंदीवरूनच कळेल. पहिली खोकी उघडलीस की लॉट क्रमांक आणि मातीचं तापमान मलाही कळव.

तुझे,
सर