४५८ गुणांचे वैर : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

मागील अंकात नारळावरील गेंड्या भुंग्याच्या शिंगाविषयी लिहिताना आम्ही ओघात पोकेमॉनचा उल्लेख केला होता. त्यानंतर आलेली पत्रे बहुतेक शाळकरी वाचकांची आहेत, आणि काही त्यांच्या पालकांचीही. ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगायचे तर, १९९६ साली जपानमध्ये निघालेल्या या व्हिडिओ गेममध्ये खेळाडू काल्पनिक प्राणी पकडतो, वाढवतो आणि एकमेकांशी लढवतो. प्रत्येक जातीला सहा मूळ आकडे दिलेले असतात : प्राणबळ (खेळाडू त्याला एचपी म्हणतात), हल्ला, बचाव, विशेष हल्ला, विशेष बचाव आणि वेग. दात, नखे, शिंगे यांचा मारा हल्ल्यात मोडतो, तर वीज किंवा आग यांसारखा अंगाला न भिडता केलेला मारा सहसा विशेष हल्ल्यात. या खेळाचे जनक सातोशी ताजिरी लहानपणी किडे गोळा करण्यात रमलेले असत, हे लक्षात ठेवले तर या आकड्यांकडे प्राणिशास्त्राच्या नजरेने पाहणे अगदीच पोरकट ठरणार नाही.

प्रश्न : शकल नावाच्या पोकेमॉनचा बचाव २३० आणि विशेष बचावही २३० आहे, पण हल्ला १० आणि वेग फक्त ५. खेळ एकतर्फी होऊ नये म्हणूनच असे केले असेल का, की खऱ्या प्राण्यांतही असे असते?
— इयत्ता नववीतील विद्यार्थिनी, चिपळूण

उत्तर : खेळ एकतर्फी होऊ नये हा हेतू असणारच, पण निसर्गातही चिलखत फुकट मिळत नाही. ते घडवायला अन्न खर्च होते, ते वाहून नेण्यात बळ खर्च होते, आणि सांधे जितके घट्ट जुळवावेत तितकी हालचाल कमी होते. उत्तर अमेरिकेच्या पश्चिम भागात एक काळा, खडबडीत भुंगा आढळतो. त्याच्यावर मोटारगाडीचे चाक गेले तरी तो मरत नाही. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हा भुंगा सुमारे १४९ न्यूटन बल सोसतो, म्हणजे स्वतःच्या वजनाच्या सुमारे ३९,००० पट भार पेलतो, असे मोजले गेले. हे साधते कसे? इतर भुंग्यांचे पुढचे कडक पंख झाकणासारखे उघडतात आणि खालचे पातळ पंख उडण्यासाठी बाहेर येतात. या भुंग्याचे पुढचे पंख मात्र मधोमध जिगसॉ कोड्याच्या तुकड्यांसारखे एकमेकांत अडकून कायमचे बंद झालेले आहेत. त्याचा बचाव अफाट आहे, पण उडणे त्याच्या नशिबात नाही.

काटेरी स्टिकलबॅक माशांत हाच हिशेब उलट्या दिशेने झालेला दिसतो. समुद्रातील स्टिकलबॅकच्या दोन्ही कुशींवर हाडांच्या तीस-तीसहून अधिक तबकड्यांची रांग असते. शेवटचे हिमयुग सरल्यावर त्यांतील काही मासे गोड्या पाण्याच्या तळ्यांत अडकले आणि अनेक तळ्यांत, एकमेकांशी संबंध नसताना, त्यांच्या वंशजांनी बहुतेक तबकड्या टाकून दिल्या. प्रयोगात तपासल्यावर कमी तबकड्यांचे मासे झटक्यात निसटण्यात सरस ठरले. खेळाच्या भाषेत सांगायचे तर बचावाचे गुण वेगाच्या रकान्यात गेले.

शकल पाहिला की मला मात्र आपल्या विदर्भात पळसावर पोसला जाणारा लाखेचा किडा आठवतो. त्याची मादी एकदा फांदीवर सोंड रुतवून बसली की तिचे पाय गळून जातात आणि ती स्वतःच स्रवलेल्या लाखेच्या कवचाखाली जन्मभर रस पीत राहते. तिला मूळ आकडे द्यायचे ठरवले तर वेग ५ सुद्धा जास्तच होईल.

प्रश्न : माझा मुलगा सांगतो की झँगूस हा मुंगसासारखा आणि सेव्हायपर हा सापासारखा पोकेमॉन एकमेकांचे हाडवैरी आहेत, पण दोघांच्या आकड्यांची बेरीज सारखीच म्हणजे ४५८ आहे. आमच्याकडे मुंगूसच सापाला भारी पडते असे सगळे मानतात. मग खेळात दोघांना समान का ठेवले?
— एक शेतकरी वाचक, सातारा जिल्हा

उत्तर : प्रश्न मार्मिक आहे. बेरीज सारखी असली तरी मांडणी सारखी नाही, आणि खरी मौज मांडणीत आहे. दोघांचे प्राणबळ ७३, बचाव ६० आणि विशेष बचावही ६० आहे. फरक उरतो तो तीन रकान्यांत. झँगूसचा हल्ला सेव्हायपरपेक्षा १५ ने आणि वेग २५ ने जास्त. सेव्हायपरचा विशेष हल्ला झँगूसपेक्षा ४० ने जास्त. एकाने चाळीस गुण चपळाईत आणि दातांत घातले, दुसऱ्याने तेच चाळीस विशेष माऱ्यात.

प्रत्यक्ष झुंजीतही मुंगसाची पहिली ढाल चपळाई हीच असते. ते अंगावरचे राठ केस फुलवून सापाला डिवचते, सापाचा फटका केसांवर किंवा हवेत जातो, आणि असे फटके मारून साप दमला की मुंगूस त्याचे डोके जबड्यात धरते. दुसरी ढाल डोळ्यांना दिसत नाही. नागाच्या विषातील चेतासंस्थेवर काम करणारा घटक, मज्जातंतू जिथे स्नायूला निरोप देतो तिथल्या ग्राहकावर, म्हणजे निरोप पकडणाऱ्या प्रथिनावर, जाऊन बसतो. निरोप अडतो, श्वासाचे स्नायू थांबतात आणि प्राणी गुदमरून मरतो. मुंगसाच्या शरीरात हा ग्राहकच थोडा बदललेला आहे. त्यातील काही अमिनो आम्ले वेगळी आहेत, आणि नेमक्या त्या जागी शर्करेची एक साखळी जोडलेली असल्याने विषाला बसायला जागा मिळत नाही; शरीराचा स्वतःचा निरोप मात्र नीट पोहोचतो. चोरकिल्ली लागत नाही, घरधन्याची लागते, असे हे कुलूप आहे. झँगूसच्या पेशीपेशीत सेव्हायपरशी झालेल्या लढायांची आठवण कोरलेली असते, अशा अर्थाची माहिती खेळात दिली आहे. ही कविकल्पना बरीच खरी आहे, फक्त ती आठवण लढणाऱ्या मुंगसाची नसून, ज्यांचे कुलूप वेगळे होते म्हणून जे वाचले त्या पूर्वजांची आहे.

तरीही मुंगसाला साप चावून काहीच होत नाही, ही आपल्याकडची समजूत बरोबर नाही. घोणसासारख्या सापांचे विष मुख्यतः रक्तावर आणि ऊतींवर काम करते. तिथे या कुलपाचा उपयोग नाही. मुंगसाच्या रक्तद्रवात रक्तस्राव घडवणाऱ्या विषघटकांना अडवणारी काही प्रथिने सापडली आहेत, पण मोठ्या मात्रेपुढे कोणतीही ढाल तोकडी पडते. खेळात हे फार नेमके उतरले आहे : झँगूसला विषबाधा जडत नाही, पण विषारी माऱ्याचा फटका त्याला बसतोच.

विषाचा प्रतिकार करण्यालाही किंमत पडते. अमेरिकेतील गार्टर साप एका अतिविषारी सरड्यासारख्या उभयचराला, न्यूटला, खाऊ शकतात. त्या न्यूटच्या कातडीत फुगा माशात असते तेच विष असते. ज्या सापांत हा प्रतिकार अधिक, ते सरपटण्यात सरासरीने मंद असल्याचे १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसून आले. हे विष पेशींच्या आवरणातील ज्या सूक्ष्म मार्गिका बंद करते, त्यांचे विषाला दाद न देणारे बदललेले रूप मज्जातंतूंचे आणि स्नायूंचे रोजचे कामही थोडे बिघडवत असावे. विशेष बचाव वाढला की वेग घटतो, हे खेळाच्या कर्त्यांनी ठरवून केले असते तरी इतके जुळले नसते.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे, म्हणजे कोण जिंकतो याकडे. सेव्हायपरच्या जपानी नावात ‘हाबू’ हा शब्द आहे, आणि हाबू म्हणजे ओकिनावा व शेजारच्या बेटांवरचा विषारी साप. १९१० साली वातासे नावाच्या प्राणिशास्त्रज्ञांनी हाबूचा बंदोबस्त करण्यासाठी आपल्याकडचे छोटे भारतीय मुंगूस गंगेच्या मुखाकडील प्रदेशातून नेऊन ओकिनावात सोडले. १९७९ च्या सुमारास तेच अमामी बेटावर सोडण्यात आले. दोन्हीकडे गणित चुकले. मुंगूस दिवसा हिंडते आणि हाबू रात्री बाहेर पडतो, त्यामुळे या दोन वैऱ्यांची गाठच क्वचित पडे. मुंगसांनी त्याऐवजी तिथले पक्षी, बेडूक आणि अमामीचे दुर्मीळ काळे ससे फस्त करायला सुरुवात केली. पुढे जपान सरकारला अनेक वर्षे सापळे लावावे लागले आणि २०२४ च्या सप्टेंबरात अमामी बेट मुंगूसमुक्त झाल्याचे जाहीर करण्यात आले. गारुड्याच्या टोपलीसमोर किंवा खेळाच्या पडद्यावर दोघांना समोरासमोर आणणारा कोणीतरी असतो. रानात तसा कोणी नसतो, आणि सहा रकान्यांत ‘कोणत्या वेळी जागा असतो’ असा सातवा रकाना नाही.

प्रश्न : पिकाचू एवढासा असून एक लाख व्होल्टचा झटका देतो. हे शक्य आहे का?
— इयत्ता सहावीतील वाचक, नाशिक

उत्तर : पिकाचूच्या त्या प्रसिद्ध माऱ्याचे जपानी नावच ‘एक लाख व्होल्ट’ असे आहे, तेव्हा आकडा तुमचा बरोबर आहे. वीज निर्माण करणाऱ्या खऱ्या प्राण्यांत सर्वांत वरचढ आहे ती दक्षिण अमेरिकेतील विजेरी ईल. २०१९ साली तिच्या एका जातीचा झटका ८६० व्होल्ट इतका मोजला गेला. तिच्या शरीराचा बहुतांश भाग वीजपेशींनी व्यापलेला असतो. एकेक पेशी जेमतेम ०.१५ व्होल्ट देते, पण टॉर्चमध्ये सेल एकापुढे एक बसवतो तशा त्या हजारोंच्या संख्येने रांगेत बसवलेल्या असतात. म्हणजे व्होल्ट हवे असतील तर लांबी हवी. दोन मीटरच्या ईलला ८६० व्होल्ट साधतात असे धरले, तर एक लाख व्होल्टसाठी त्याच प्रमाणात दोनशे मीटरहून लांब प्राणी लागेल. पिकाचूची उंची ४० सेंटिमीटर.

दुसरी अडचण हवेची. ईलचा झटका पाण्यातून सहज पसरतो, पण हवेतून ठिणगी उडवायला दर सेंटिमीटरला साधारण ३०,००० व्होल्ट लागतात. त्यामुळे एक लाख व्होल्ट खरोखर असले तरी ठिणगी तीन-साडेतीन सेंटिमीटरच उडी मारील. मैदानाच्या पलीकडच्या प्रतिस्पर्ध्याला काही होणार नाही. पिकाचूने धावत जाऊन गाल चिकटवणे हाच मार्ग उरतो, आणि गंमत अशी की त्याचा विशेष हल्ला ५० असा बेताचाच असून वेग मात्र ९० आहे.

प्रश्न : मॅजिकार्पला काहीच येत नाही, नुसता तडफडतो. मग त्याचा वेग ८० कसा?
— एक वाचक, पणजी

उत्तर : खेळातील वेग म्हणजे ताशी किलोमीटर नव्हे, आधी हालचाल कोण करतो, एवढेच तो ठरवतो. या बाबतीत कार्प कुळातील मासे खरोखर तरबेज असतात. त्यांच्या मेंदूच्या मागच्या भागात दोन मोठ्या चेतापेशी असतात. पाण्यात धक्का जाणवला की त्यांतील एक पेशी पेटते आणि सेकंदाच्या काही शतांशांत मासा इंग्रजी सी अक्षरासारखा वाकून निसटतो. ही निसटण्याची चपळाई आहे, लढण्याची नव्हे, म्हणून हल्ला १० आणि वेग ८० यांत विसंगती नाही. त्याचाच पुढे अजस्र ग्याराडोस होतो तेव्हा एकूण बेरीज २०० वरून ५४० वर जाते, पण वेग फक्त एका गुणाने वाढून ८१ होतो.

प्रश्न : शेडिंजाचे प्राणबळ फक्त १ का?
— महाविद्यालयीन विद्यार्थी, पुणे

उत्तर : कारण तो सिकाडाची टाकलेली कात आहे. पावसाळ्याच्या तोंडावर सह्याद्रीत कान किटवणारा आवाज करणारे सिकाडा आयुष्याचा मोठा भाग जमिनीखाली मुळांचा रस पिण्यात घालवतात, मग झाडावर चढतात, पाठीवर चीर पडते आणि पंखवाला कीटक बाहेर येतो. खोडाला चिकटून राहते ती मातकट कात. पायांची नखे, डोळ्यांचे फुगवटे, सारे जागच्या जागी, आत मात्र काही नाही. खेळातही निंकाडा नावाचा भूमिगत किडा वाढला की पंखवाला निंजास्क होतो, आणि खेळाडूच्या ताफ्यात जागा असेल तर मागे शेडिंजा उरतो.

आकडे पाहा. निंकाडाचा बचाव ९०, निंजास्कचा ४५, शेडिंजाचा ४५. चिलखताची सरळ वाटणी झाली आहे. वेग मात्र ४० वरून निंजास्कमध्ये १६० होतो आणि कातीकडे ४० च राहतो. १६० ही अतिशयोक्ती आहे, कारण खरे सिकाडा उडण्यात तसे वेंधळेच असतात आणि बाहेर आल्यावर अंग टणक होईपर्यंत कित्येक तास मऊ, फिकट अवस्थेत झाडाला धरून बसतात. प्राणबळाबद्दल बोलायचे तर रिकाम्या कातीचे प्राणबळ शून्यच हवे होते. पण शून्य दिले असते तर ती लढाईत उतरण्याआधीच बाद झाली असती.