इंग्रज जमीनदारांनी आपल्या वाड्यांजवळ मुद्दाम पडके गॉथिक, म्हणजे टोकदार कमानींच्या मध्ययुगीन शैलीतले, किल्ले का बांधले? ही निव्वळ बनवाबनवी नव्हे का?

आपल्या प्रश्नातील ‘बनवाबनवी’ हा शब्द मला लागला, म्हणून हे उत्तर. पुण्यात वास्तुकलेच्या शेवटच्या वर्षाला असताना मी अशा शोभेच्या वास्तूंवर, म्हणजे फॉलींवर, प्रबंध लिहिला होता. तोंडी परीक्षेत परीक्षकांनी तो मिटला आणि म्हणाले, ‘‘ज्यात कोणी राहत नाही ती वास्तुकला नव्हे, देखावा आहे.’’ मला तेव्हा उत्तर देता आले नाही. ते पुढे केंब्रिजशायरमधील विम्पोल हॉलमध्ये सापडले.

विम्पोल हॉल १६४० च्या सुमारास थॉमस चिचेली यांनी बांधायला घेतला. पुढे जेम्स गिब्ज यांनी ग्रंथालय जोडले, हेन्री फ्लिटक्रॉफ्ट यांनी १७४० च्या दशकात घराला नवे रूप दिले आणि १७९० च्या दशकात जॉन सोन यांनी घुमटातून उजेड घेणारा पिवळा दिवाणखाना घातला. असे हे लाल विटांचे, मोजूनमापून सजवलेले घर. आणि त्याच्या उत्तरेच्या टेकडीवर एक उंच मनोरा, बाजूंना अर्ध्यावर तुटलेल्या भिंती, टोकदार कमानींच्या खिडक्या आणि वर चर्या.

मी नोव्हेंबरात गेलो होतो. उत्तरेकडील खिडकीशी उभा राहिलो, तेव्हा तळ्यावरचे धुके विरत होते आणि झाडे निष्पर्ण असल्याने मनोरा नजरेसमोर नेमका उभा होता. मग टेकडी चढून गेलो. भिंतीखाली निखळून पडलेली एक कपची उचलून बोटांनी चोळली, तर फळ्यावरच्या खडूसारखी पांढरी भुकटी हाताला लागली. हा क्लंच नावाचा मऊ, चुनखडीचा दगड आहे. परत वळून घराकडे पाहिले आणि परीक्षकांना काय सांगायला हवे होते ते लख्ख कळले: या मनोऱ्याची खोली घरात आहे. मघाशी मी उभा होतो तीच.

हा माझा कल्पनाविलास नाही. घरमालक लॉर्ड हार्डविक यांच्यासाठी १७४९ मध्ये जॉर्ज लिटलटन यांनी सँडरसन मिलर या हौशी वास्तुकाराला लिहिले की, हार्डविक यांना आत घर किंवा खोली नको आहे. घरातून पाहण्यासाठी जुन्या किल्ल्याच्या भिंती आणि त्याचा आभास एवढेच हवे आहे. प्रत्यक्ष काम मात्र १७६८ ते १७७२ या काळात, उद्यानकार केपेबिलिटी ब्राउन यांच्या देखरेखीखाली झाले.

पडके बांधणे सोपे असते, हाही गैरसमज आहे. भिंत कुठे तुटलेली दिसावी, कोणता चिरा पुढे राहावा, हे गवंड्याला आधी ठरवावे लागते. शिवाय छप्पर नसलेल्या भिंतीच्या माथ्यातून पाणी झिरपते आणि असा मऊ दगड खरोखरच कुजू लागतो. मग जतन करणाऱ्यापुढे पेच उभा राहतो की, यातील मोडतोड मिलरची कोणती आणि पावसाची कोणती. विम्पोलच्या मनोऱ्याचे जे जतन झाले त्याला २०१६ मध्ये वारसा-जतनासाठीचा युरोपा नोस्त्रा पुरस्कार मिळाला. देखाव्यासाठी कोणी एवढे कष्ट घेत नाही.

या घराच्या शेवटच्या मालकीण एल्सी बॅम्ब्रिज या रुडयार्ड किपलिंग यांच्या कन्या. त्यांनी १९७६ मध्ये ते नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेला मृत्युपत्राने दिले. त्यांचे आजोबा लॉकवुड किपलिंग मुंबईच्या जे. जे. कला विद्यालयात शिकवत आणि क्रॉफर्ड मार्केटच्या प्रवेशद्वारावरील शिल्पे त्यांचीच. १८८८ मध्ये पूर्ण झालेल्या बोरीबंदरच्या स्थानकावर मध्ययुगीन कमानी चढवल्या, त्यांना आमचे परीक्षक वारसा म्हणत असत. रेल्वेला टोकदार कमान चालते, तर टेकडीला का चालू नये?

एक गोष्ट मात्र कबूल केली पाहिजे. विम्पोलच्या उद्यानात गवताखाली जे उंचवटे दिसतात, ते उद्यान वाढत गेले तशा नाहीशा झालेल्या जुन्या वस्त्यांच्या खुणा आहेत. खरे अवशेष जमिनीत आणि बांधलेले टेकडीवर, हा अन्याय मलाही खुपतो. सगळ्याच फॉली चांगल्या असतात, असेही मी म्हणत नाही.

आपण गेलात, तर पाने गळाल्यावर जा आणि आधी घरात जाऊन उत्तरेच्या खिडकीतून मनोरा पाहा. थेट टेकडीवर गेलात, तर माझे परीक्षक म्हणत होते तेवढेच दिसेल.