चेन पडली का, मावशी?

गेल्या महिन्यात या पानावर मी एवढंच लिहिलं होतं, की पन्नाशीनंतर सायकल हातात घेतली आणि साठी आली तरी ती सुटलेली नाही. त्यावर बरीच पत्रं आली. निम्म्या पत्रांत गुडघे आहेत, उरलेल्यांत नवरे. त्यातल्या काहींना इथे उत्तरं देते. मी डॉक्टर नाही, प्रशिक्षकही नाही. साताऱ्यात एका बँकेत चौतीस वर्षं नोटा मोजून निवृत्त झालेली बाई आहे. उत्तरं त्या हिशेबानेच घ्या.

माझे यजमान सत्तावन्न वर्षांचे आहेत. दोन वर्षांपूर्वी त्यांनी महागडी सायकल घेतली. दर रविवारी पहाटे साडेचारला उठून मुरबाडच्या रस्त्याला जातात, अकराला परत येतात, पोहे खाऊन झोपतात. ‘यातून मिळतं काय?’ विचारलं तर म्हणतात, ‘तुला नाही कळायचं.’ ताई, तुम्ही तरी सांगाल का?
— एक वाचक, डोंबिवली

‘तुला नाही कळायचं’ हे उत्तर मला मुळीच पटलेलं नाही. त्यांना सांगता येत नसेल, हे जास्त खरं असावं. मलाही पहिली दोन-तीन वर्षं येत नव्हतं. बघते प्रयत्न करून.

२०१६ च्या दिवाळीनंतर मी सायकल घेतली, एक्कावन्नाव्या वर्षी. साताऱ्यात समर्थ मंदिर मागे टाकलं की यवतेश्वरचा घाट लागतो. पाच-सहा किलोमीटरचाच आहे, पण पहिल्या दिवशी दुसऱ्या वळणालाच माझा भाता फुलला. उतरले आणि सायकल ढकलत निघाले. वरून दुधाचे कॅन लावलेली मोटारसायकल येत होती. पोरगा थांबला. ‘चेन पडली का, मावशी?’ मी म्हटलं, ‘हो रे, पडली.’ त्या बिचाऱ्याने गाडी स्टँडवर लावली आणि चेन बसवायला खाली वाकला. चेन आपली जागेवर. त्याने चेनकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, पॅडल एकदा उलटं फिरवलं आणि म्हणाला, ‘बसली.’ आणि गेला.

त्या पोराचे उपकार मी अजून विसरलेले नाही.

न उतरता घाट चढायला मला अकरा आठवडे लागले. दर रविवारी एखादं वळण पुढे. कधी मागच्या रविवारी जिथे उतरले त्याच्याही अलीकडे. बाराव्या रविवारी वर पोचले तेव्हा खाली सातारा धुक्यात होतं, नुसता अजिंक्यताऱ्याचा माथा वर दिसत होता. टाळ्या वाजवायला कोणी नव्हतं. एक कुत्रं होतं, तेही झोपलेलं. मी कठड्यावर बसून राजगिऱ्याची वडी खाल्ली. अहो, प्रमोशनचा कागद हातात पडला त्या दिवशीसुद्धा मला इतकं बरं वाटलं नव्हतं.

कारण काय, तर पन्नाशीत बाकी सगळं उतरणीला लागलेलं असतं. चष्म्याचा नंबर वाढतो. नावं आठवत नाहीत. मोबाइलचं काही अडलं की मुलगा ‘दे इकडे’ म्हणून हातातून काढूनच घेतो. घाटात कोणी ‘दे इकडे’ म्हणत नाही. काल येत नव्हतं ते आज यायला लागलं, असं या वयात किती गोष्टींबद्दल म्हणता येतं?

दुसरं म्हणजे रस्ता कळायला लागतो. कासला मी गाडीने वीसेक वेळा तरी गेले असेन. पण घाट संपल्यावरही तो रस्ता किती उतरतो-चढतो, हे सायकलवर बसेपर्यंत मला माहीत नव्हतं. पेट्रीच्या पुढे सकाळी चुलीच्या धुराचा वास येतो. पावसाळ्यानंतर रस्त्याकडेच्या गवतातून पाणी वाहत असतं, ते आधी ऐकू येतं, मग दिसतं. गाडीच्या काचा खाली केल्या तरी हे मिळत नाही. २०१२ साली कासचं नाव जागतिक वारशाच्या यादीत गेलं, तेव्हापासून फुलांच्या दिवसांत शनिवार-रविवारी तिथे गाड्यांची रांग लागते. मी मंगळवारी जाते. निवृत्तीचा एवढा तरी उपयोग.

आता तिसरं, जे यजमान सांगणार नाहीत. घरापासून लांब जाणं हाही त्या आनंदातला मोठा वाटा आहे. पाच-सहा तास कोणी काही मागत नाही. गॅस संपला, पाहुणे येतायत, चष्मा कुठे ठेवलास, काहीही नाही. तुमच्या यजमानांना हे दर रविवारी मिळतं. तुम्हाला कधी मिळतं, ते पत्रात लिहिलेलं नाही. पोहे कोण करतं, तेही नाही. पुढच्या रविवारी पोहे त्यांनी करावेत आणि तुम्ही सकाळी साडेचारला कुठेतरी जावं. सायकलवरच, असं नाही. परत आल्यावर त्यांनी विचारलं तर काय उत्तर द्यायचं, ते तुम्हाला ठाऊकच आहे.

वीस किलोमीटर झाले की गुडघा पुढून दुखतो. वय पंचावन्न. सायकल सोडावी का?
— सांगली

आधी गादी बघा. बसल्या बसल्या दोन्ही पाय जमिनीला टेकले पाहिजेत, ही आपली लहानपणची सवय. त्यामुळे निम्म्या लोकांची गादी खालीच असते. भिंतीला धरून सायकलवर बसा, एक पॅडल अगदी खाली घ्या, त्यावर टाच ठेवा. पाय सरळ व्हायला हवा. मग टाचेऐवजी चवडा ठेवलात की गुडघ्याला आपोआप थोडा बाक येतो, तेवढा पुरे. गुडघा पुढून दुखत असेल तर बहुतेक वेळा गादी खाली असते, मागून दुखत असेल तर वर. अर्धा-अर्धा सेंटीमीटर बदला आणि आठवडाभर चालवून बघा.

आणि गिअर हलका ठेवा. जड गिअरवर दात-ओठ खात रेटण्याला काही लोक जोर समजतात. तो जोर गुडघ्यातून निघतो. मिनिटाला सत्तर-ऐंशी फेरे होतील इतपत हलकं. सुरुवातीला पाय हवेत फिरल्यासारखे वाटतात, मग अंगवळणी पडतं. सूज असेल, किंवा घरात बसूनही दुखत असेल, तर मात्र मला पत्र लिहू नका, डॉक्टरांकडे जा.

मी एकोणपन्नास वर्षांची शिक्षिका. सायकल घ्यावीशी वाटते, पण गावात लोक बघतील. शिवाय ते कपडे! काकू, तुम्ही कसं निभावलं?
— कराड

बघतात. साधारण तीन आठवडे. नंतर त्यांना दुसरं काहीतरी बघायला मिळतं.

मी बारा वर्षांची असताना भाड्याच्या सायकलवर शिकले, तासाला चार आणे. नळीच्या मधून पाय घालून. दहावी झाल्यावर ‘आता पुरे’ असा घरातून निकाल आला आणि पुढे पस्तीस वर्षं माझ्या अंगाखाली सायकल आली नाही. त्यामुळे पहिल्या दिवशी मी काय घातलं होतं म्हणाल, तर पंजाबी ड्रेस, आणि ओढणी कमरेला बांधलेली. सलवार चेनमध्ये गेली. घोट्याशी रबरबँड लावून तो प्रश्न सुटला. दोन-तीन महिन्यांनी लांब जायला लागले तेव्हा पॅडची चड्डी घेतली आणि वरून सैल ट्रॅकपँट घालते. ही चड्डी थेट अंगावर घालायची असते, आत दुसरं काही नाही. नाहीतर शिवण घासते आणि चार दिवस बसता येत नाही. दुकानातल्या मुलाने हे मला सांगितलं नाही, लाजला असेल. तुम्हाला मी सांगते.

पहिली सायकल पंचवीसेक हजारांची पुरे. टायर फार बारीक नकोत. आपल्या रस्त्यांना बत्तीस-पस्तीस मिलिमीटर रुंदीचे बरे. पण हेल्मेटवर काटकसर नको. पहिले काही रविवार चढ शोधू नका. आमच्याकडे मी सुरुवातीला लिंबला जायची. शेतातले रस्ते, आणि शेवटी ती बारा मोटांची विहीर. पायऱ्या उतरून आत गेलं की गार वाटतं, परत निघायचा कंटाळा येतो. कराडला तुमची कृष्णा-कोयनेची प्रीतिसंगमाची जागा आहेच. तिथपर्यंत जा आणि या.

चोपन्नाव्या वर्षी दोनशे किलोमीटरची बीआरएम करणं शहाणपणाचं आहे का? ऑफिसातली तरुण मुलं हसतात.
— चिंचवड

बीआरएम म्हणजे ठरलेल्या वेळात लांबचं अंतर पुरं करायची सायकलफेरी. तिच्यात पहिला-दुसरा नंबर नसतो, हे हसणाऱ्या मुलांना सांगा. दोनशे किलोमीटरला साडेतेरा तास मिळतात. चहा, जेवण, पंक्चर, सगळं त्यातच. मध्ये ठरलेल्या ठिकाणी कार्डावर नोंद करायची. ताशी पंधराच्या आसपास सरासरी पडते, म्हणजे वेग लागत नाही. लागतं ते न रेंगाळणं. या बाबतीत आपण पन्नाशीचे लोक तरुणांना भारी पडतो. ते ढाब्यावर तासभर फोटो काढतात.

मी एकदाच केली. पुण्याहून सुटायचं, साताऱ्याच्या दिशेने यायचं आणि आनेवाडीच्या टोलनाक्याच्या अलीकडून मागे फिरायचं. जाताना खंबाटकीचा घाट, येताना बोगदा. घाटाचं मला काही वाटलं नाही. मला जड गेलं ते मागे फिरणं. घर वीसेक किलोमीटरवर, घरी वरण-भात, आणि मी पुण्याकडे तोंड करून पॅडल मारतेय! तिथे दहा मिनिटं गेली नुसती भांडण्यात, स्वतःशीच. बोगद्यात मागून येणाऱ्या ट्रकचा आवाज इतका मोठा होतो, की ट्रक अंगावरच आलाय असं वाटतं. दिवे आणि चकाकणारं जाकीट सक्तीचं का, ते तिथे समजलं. एकूण तेरा तास दहा मिनिटं लागली. पदक कपाटात आहे. पुन्हा करणार नाही. केल्याचा पश्चात्तापही नाही.

तुम्ही आधी शंभर किलोमीटर एका दिवसात दोन-तीनदा करा. दुसऱ्या दिवशी जिना उतरता आला तर नाव घाला. आणि रक्तदाब-साखर तपासून, डॉक्टरांना विचारून. साखरेची इंजेक्शनं चालू असतील तर आधी नीट बोलून घ्या, कारण वाटेत साखर खाली जाऊ शकते.

वय एकाहत्तर. चाळीस वर्षं सायकलवरून गिरणीत गेलो. आता कधीकधी तोल जातो. मुलगा म्हणतो, विकून टाका. जुनी काळी सायकल आहे, डायनॅमोवाली. काय करू?
— मिरज

काका, तुमच्या पत्रावर मी दोन दिवस बसले होते.

२०१९ च्या पावसाळ्यात यवतेश्वरच्या उतारावर ओल्या पाचोळ्यावरून माझं चाक सरकलं. वेग फार नव्हता. हात टेकवला आणि मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर. डॉक्टरांनी तेव्हा एक गोष्ट सांगितली, जी मला आधी कोणीच सांगितली नव्हती: सायकलने हृदय आणि फुप्फुसं सुधारतात, पण शरीराचा भार हाडांवर पडत नाही, म्हणून हाडांसाठी चालणं आणि थोडं वजन उचलणं वेगळं करावं लागतं. पाळी गेल्यावर तर नक्कीच. तेव्हापासून आठवड्यातले तीन दिवस मी चालते, सायकलचे दोनच. आणि पावसात घाट उतरत नाही. वर गेले आणि पाऊस आला तर दुधाच्या टेम्पोत सायकल टाकून खाली येते. पहिल्यांदा तसं उतरले तेव्हा अपमान वाटला होता. आता टेम्पोवाल्याशी गप्पा होतात.

तोल का जातो, ते आधी तपासून घ्या. कान असेल, रक्तदाबाची गोळी असेल, डोळे असतील. काही कारणं बरी होतात. तोवर रस्त्यावर नेऊ नका, इथे मुलाचं बरोबर आहे. पण विकण्याचं मला त्याच्याइतकं पटत नाही. त्या सायकलचे भंगारवाला किती देणार? अंगणात स्टँडवर लावा, चेनला तेल द्या, रोज दहा मिनिटं शेजारी स्टूल घेऊन बसा आणि पुसा. वाटलं तर मागचं चाक हाताने फिरवा.

आणि डायनॅमो चाकाला टेकवल्यावर दिवा अजून लागतो का, ते मात्र कळवा.