दोन एकर विकण्याआधी तिच्या आईला विचारा

"मुलगी बारावी सायन्स, ७१ टक्के. जंगल वाचवण्याचं जे काम जगभर चालतं, त्यात तिला जायचंय. एजंटनं परदेशातला 'सस्टेनेबल डेव्हलपमेंट'चा तीन वर्षांचा कोर्स सांगितला, खर्च सव्वीस लाख. दोन एकर धानाची बांधी विकायची तयारी आहे. मी तिला बजावलं, करायचं तर फॉरेनला जाऊन मोठं काम कर, इथं वनमजूर होऊन माझं नाक कापू नको. आईमागे मोहाची फुलं वेचायला जायची, तेही बंद केलं. लोक हसतात. बरोबर करतोय ना?"
– एक वडील, सिंदेवाही तालुका

भाऊ, नाही. बरोबर करत नाही आहात.

परदेशातल्या कोर्सचं नंतर बघू. मला टोचलं ते मोह वेचणं बंद केल्याचं. वाघाच्या भीतीनं थांबवलं असतं तर मी एक शब्द बोलले नसते, तुमच्या भागात ती भीती खरी आहे. तुम्ही थांबवलं ते लोक हसतात म्हणून. पहाटे टोपली घेऊन आईमागे जाणारी पोरगी काय शिकते, ठाऊक आहे? कोणत्या झाडाची फुलं आधी गळतात, कोणत्या पाणवठ्याकडे सकाळी फिरकायचं नाही. फुलं नीट दिसावीत म्हणून झाडाखालचा पाला पेटवतात आणि तोच जाळ पुढे वणवा होतो, हे तिनं डोळ्यांनी पाहिलंय. बायका पाला का पेटवतात आणि त्याऐवजी फुलं झेलायला झाडाखाली जाळी बांधायला त्या कधी तयार होतील, हा वनसंरक्षणातला खराखुरा प्रश्न आहे. त्याचं उत्तर शोधायला बाहेरून माणसं येतात. तुमच्या घरात ते अर्धं आहे, आणि त्याचीच तुम्ही तिला लाज वाटायला लावताय.

आता तो 'फॉरेन'चा गैरसमज. आंतरराष्ट्रीय काम म्हणजे परदेशातलं ऑफिस, असं तुम्ही धरून चाललात. १९९२ साली रिओमध्ये जैवविविधतेचा जागतिक करार झाला. भारतानं त्यावर सही केली, म्हणून २००२ चा जैवविविधता कायदा आला. त्या कायद्यामुळे तुमच्या ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी आणि गावातल्या झाडा-जनावरांची, त्यांच्याबद्दलच्या माहितीची लोक जैवविविधता नोंदवही हवी. डिसेंबर २०२२ मध्ये माँट्रियलला देशांनी ठरवलं की २०३० पर्यंत पृथ्वीवरची ३० टक्के जमीन आणि समुद्र राखायचा, आणि तो राखताना आदिवासी व स्थानिक लोकांचे हक्क जपायचे. हे हक्क जपणं जमिनीवर कसं उतरतं ते बघायला लांब जायला नको. गडचिरोली जिल्ह्यात धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क, म्हणजे जंगल वापरण्याचा आणि राखण्याचा गावाचा कायदेशीर हक्क, मिळाला, २०११ मध्ये बांबूचे वाहतूक परवाने ग्रामसभेच्या हाती आले. करार परदेशात होतात, पण ते पाळले जातात की मोडतात ते असल्या गावांत. ही दोन टोकं जोडणारी माणसं फार थोडी आहेत, आणि धानपट्ट्यात वाढलेली मुलगी त्यात असावी असं मला मनापासून वाटतं.

वाट नेहमीचीच आहे: सीईटी देऊन अकोल्याला बी.एस्सी. वानिकी (वनशास्त्र), पुढे डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था किंवा भोपाळची वन व्यवस्थापन संस्था. एमपीएससी, यूपीएससीच्या वनसेवाही आहेतच. इंग्रजी मात्र पक्कं हवं, कारण करार आणि अहवाल त्याच भाषेत वाचावे लागतात. परदेश हवाच असेल तर पदवीनंतर. पदव्युत्तर शिक्षणासाठी शासनाच्या परदेश शिष्यवृत्त्या आहेत, अनुसूचित जाती, जमाती, ओबीसींसाठी वेगवेगळ्या. तेव्हा जमीन विकायची वेळ कदाचित येणारही नाही. एजंटला आगाऊ रक्कम दिली असेल तर आजच परत मागा.

आणि वनमजुराबद्दल तसं लिहू नका. उन्हाळ्यात वणवा विझवायला तोच पुढे असतो.

या आठवड्यात एक करा. मुलीला ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे (पूर्वीच्या ग्रामसेवकाकडे) पाठवून ती जैवविविधता नोंदवही बघायला मागा. बऱ्याच ठिकाणी ती घाईघाईनं भरलेली आहे. मोहाबद्दल त्यात जे लिहिलंय ते तिला आईसमोर मोठ्यानं वाचायला सांगा, तुम्हीही बसा. आई किती चुका काढते ते मोजा आणि मला कळवा.